जागा बदलली की मी आधी विचारते, "कधीपासून?"

डोंबिवलीहून एका ताईंनी विचारलं आहे. घरात दोन कुत्री आणि दोन मांजरं. अकरा वर्षांची राणी लॅब्राडॉरच्या वळणाची. तिच्यासाठी जाड गादी आणली, तरी ती बाथरूमच्या उंबऱ्याशी फरशीला पोट लावून झोपते आणि झोपेत पाय मारत कुंईकुंई करते. तीन वर्षांचा पग गुंडू सोफ्याच्या हातावर हनुवटी टेकून झोपतो, कधी रबरी चेंडू तोंडात धरून. घोरतो भरपूर, आणि कधी बसल्या बसल्याच पेंगतो. चार वर्षांची मनी एक तर सेट-टॉप बॉक्सवर असते, नाहीतर राणीच्या गादीवर, आणि पहाटे ४ वाजता घर उठवते. काळू बोका पाच-सहा दिवसांपासून आपल्या लिटरच्या, म्हणजे शी-शूसाठी वाळू घातलेल्या, ट्रेमध्येच झोपतो आहे. "ही सगळी मंडळी अशीच असतात, की आमचं काही चुकतंय?"

ताई, बाकीचं सावकाश वाचा. आधी उठून काळूचा ट्रे बघा.

कालपासून त्यात लघवीचे किती गोळे झाले आणि केवढे, ते मोजा. एरवी लिंबाएवढे दोन-तीन गोळे होत असतील आणि आता सुपारीएवढे चार-पाच ठिकाणी दिसत असतील, किंवा एकही नसेल, तर आज रात्रीच डॉक्टरांकडे न्या. तो ट्रेमध्ये बसून कुंथतो का, मागची जागा सारखी चाटतो का, लघवीला बसल्यावर ओरडतो का, ओकतो का, हेही बघा. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली, की चिकट स्राव आणि खडे मिळून तिथे बूच बसतं. पूर्ण तुंबलं तर मूत्रपिंडं थकतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याचा फटका हृदयाला बसतो. २४ ते ४८ तासांत बोका हातचा जाऊ शकतो. काळू पाच-सहा दिवस असा आहे आणि अजून हिंडतोफिरतो आहे, म्हणजे अजून पुरता तुंबलेला नसावा. पण नुसत्या सुजेचं तुंबणं व्हायला एक रात्र पुरते. पोट दाबून बघू नका, भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

माझ्या दवाखान्यात एका जानेवारीत एक केशरी बोका आला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वरून ओढणीने बांधलेला. घरचे म्हणाले, "तीन दिवस ट्रेमध्येच बसून होता, आम्हाला वाटलं थंडी वाजते. आज कुंथायला लागला म्हणून एरंडेल दिलं." ओढणी सोडली तर तो मान वर करीना. पोटाला हात लावला तर आत क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक. हृदयाचे ठोके मांजराच्या मानाने निम्मेही नव्हते. आधी हृदयासाठी औषध, मग नळी घातली, तेव्हा कोकम सरबतासारखी लालसर लघवी आली. चार दिवस सलाईनवर राहून तो वाचला. तेव्हापासून बोका ट्रेमध्ये झोपतो असं कुणी म्हटलं, की बाकी सगळं बाजूला ठेवून मी लघवीचं विचारते.

लघवी व्यवस्थित होत असेल, तर दुसरा प्रश्न: घरात नवीन काय घडलं? पाहुणे, रंगकाम, शेजाऱ्यांचा भटका बोका खिडकीत येणं, गुंडूने त्याच्या मागे धावणं? घाबरलेल्या मांजराला तीन बाजूंनी बंद आणि स्वतःच्या वासाची जागा हवी असते, आणि तुमच्या घरात तशी एकच जागा आहे, त्याचा ट्रे. त्याला पुठ्ठ्याचे दोन खोके द्या, एक कपाटावर आणि एक पलंगाखाली, आत तुमचा जुना न धुतलेला टी-शर्ट. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर हे करून पाहिलं होतं आणि ते काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. खोका मिळालेली मांजरं बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर सावरली. रद्दीवाल्याकडे जाणाऱ्या खोक्यात इतकी ताकद असते, म्हणून मी ते आवर्जून सांगते. आणि दोन मांजरांना ट्रे तीन हवेत. एकाच ट्रेवर दोघांचं भागवणं हे मूत्राशयाच्या आजाराला निमंत्रण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. गेली २६ वर्षं मी पुण्यात कुत्र्यामांजरांवर उपचार करते आहे. झोपेची तक्रार आली, की आधी एवढंच विचारते: हे पहिल्यापासून आहे, की अलीकडचं? पिल्लू असल्यापासून एखादं मांजर वॉशबेसिनमध्ये झोपत असेल, तर ती त्याची आवड. पण दहा वर्षं पायथ्याशी झोपणारं जनावर अचानक पलंगाखाली जाऊन झोपायला लागलं, तर ते काहीतरी सांगतं आहे. कुत्र्यामांजरांना दुखणं लपवायची जन्मजात सवय असते. जागेपणी ती आपल्यासमोर शेपटी हलवतील, खातीलही. झोपायची जागा आणि झोपायची पद्धत मात्र ती दुखण्याप्रमाणेच निवडतात. तुमच्या पत्रात नेमकं हेच राहून गेलं आहे. काळूचे दिवस तुम्ही लिहिलेत, बाकी तिघांचं "कधीपासून" लिहिलं नाही. म्हणून दोन्ही शक्यता धरून सांगते.

राणी आणि मनी यांचं कोडं बरंचसं तापमानाचं आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या, उष्ण मुलखातले. अंगातली ऊब टिकवायला जादा ताकद खर्चावी लागू नये, असं हवेचं तापमान मांजरासाठी साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस असतं. म्हणजे आपण पंखा चारवर करतो तेव्हा मनीला गारठा वाटायला लागतो. सेट-टॉप बॉक्स, फ्रिजची पाठ, इन्व्हर्टर, नुकतीच बंद केलेली गाडी, इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांची घडी, या सगळ्या तिच्या लेखी चुली आहेत. राणीचं नेमकं उलट. लॅब्राडॉरच्या अंगावर दाट दुहेरी केस, घाम फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि पोटाकडचे केस विरळ. बाथरूमच्या उंबऱ्याशी फरशी ओलसर गार असते आणि दाराखालून वाराही येतो. तिथे पोट लावून पडणं हा तिने शोधलेला उत्तम उपाय आहे. एकाच खोलीत एक उकडतं म्हणून फरशीवर आणि दुसरी गारठते म्हणून यंत्रावर, हे दोघींच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. मनी कधी राणीच्या अंगाला चिकटून झोपत असेल, तर त्यातही उबेचा वाटा मोठा आहे, कारण कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं.

पण राणीचं वय अकरा. त्यामुळे गादी सोडायची आणखी दोन कारणं तपासायला हवीत. पहिलं, ती उठते कशी ते बघा. पुढच्या पायांवर जोर देऊन मागचा भाग ओढून घेते का? उठल्यावर पहिली चार पावलं आखडलेली असतात का? सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला पाय रुतणाऱ्या मऊ गादीवरून उठणं कठीण जातं, म्हणून ती टणक जमीन निवडते आणि जमिनीच्या गारव्याने सांधे आणखी धरतात. अशा कुत्र्याला मी फुगीर गादीऐवजी घट्ट दुमडलेली गोधडी सांगते, आणि खाली न सरकणारी रबरी चटई. गोधडी दबत नाही, धुता येते आणि तिला घरच्यांचा वास असतो. फरशीवर झोपून राणीच्या कोपरावर जाड काळा घट्टा पडला असेल, तर खोबरेल तेल लावत राहा. तिथे मऊ पाण्याची गाठ आली असेल तर ती कुणालाही सुईने काढू देऊ नका. त्यात जंतू शिरले की बरं व्हायला महिने जातात.

दुसरं कारण मनी. एक संध्याकाळ शांतपणे बसून दोघींकडे बघा. राणी गादीकडे येते, मनी तिथेच पसरून तिच्याकडे रोखून बघते, राणी ओठ चाटते, जांभई देते, मान फिरवते आणि परत जाते. असं दिसलं तर राणीला गादी नकोशी झालेली नाही, तिच्याकडून ती काढून घेतली गेली आहे. मोठं कुत्रं तीन किलोच्या मांजरापुढे माघार घेतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण मला हे सारखं दिसतं. मनीला हाकलू नका, त्याने वैर वाढेल. राणीची गोधडी दुसऱ्या खोलीत, पहिल्या गादीवरून दिसणार नाही अशी टाका. मनीला उंचावर उबदार टोपली द्या. मांजराला वरून घर दिसलं की खालच्या जागेवरचा हट्ट बराच कमी होतो.

झोपेत पाय मारण्याबद्दल मात्र निर्धास्त राहा. १९५३ साली शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी माणसाच्या झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारा टप्पा नोंदवला. त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्समधल्या ल्योनचे संशोधक मिशेल जूव्हे यांनी मांजरांवर काम करून दाखवलं, की या टप्प्यात मेंदू जागेपणीसारखा चालू असतो आणि शरीराचे स्नायू मात्र पूर्ण सैल. त्यांनी याला विरोधाभासी झोप म्हटलं. स्नायूंना सैल ठेवणारा मेंदूच्या देठातला भाग निकामी केल्यावर ती मांजरं झोपेतच उठून उभी राहत, दबा धरत, न दिसणाऱ्या भक्ष्यावर झेप घेत. म्हणजे राणी धावते आहेच, शरीराला ब्रेक लावलेला असल्यामुळे आपल्याला त्यातलं थोडंसंच दिसतं, पंजे थरथरतात, मिशा हलतात, घशातून अर्धवट भुंकणं येतं. पिल्लांत आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हे जरा जास्त दिसतं.

शाळेत आपण 'श्वाननिद्रा तथैव च' पाठ करतो, तीही खरीच आहे. १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी कुत्र्यांची रात्र चित्रित केली, तेव्हा सरासरी १६ मिनिटं झोप आणि ५ मिनिटं जाग असा त्यांचा क्रम निघाला. म्हणून राणी रात्रीत वीस वेळा कूस बदलते, उठते, एक गिरकी घेऊन परत पडते, त्याची काळजी नको.

स्वप्न आणि फीट यांतला फरक मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. स्वप्नातली हालचाल तुटक असते, अर्ध्या मिनिटाच्या आत थांबते, आणि नावाने हाक मारली की जनावर डोळे उघडून तुम्हाला ओळखतं. फीट आली तर पाय ताठ होतात, जबडा चावल्यासारखा हलतो, फेस येतो, बऱ्याचदा लघवी सुटते, हाकेला ओ नसते, आणि नंतर ते काही वेळ भांबावून घरभर फिरतं, भिंतीला धडकतं. शंका आली तर मोबाइलवर चित्रित करा. दवाखान्यात तुम्ही करून दाखवता त्यापेक्षा तो वीस सेकंदांचा व्हिडिओ आम्हाला शंभरपट उपयोगी पडतो. आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नका, लांबून नाव घ्या. माझ्याकडे ओठ फाटलेल्या एका चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे आईवडील आधी आले होते, कुत्र्याला "शेवटचं इंजेक्शन" द्या म्हणायला. मुलगी झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडली होती. तो जागा होईपर्यंत चावून झालं होतं. त्यांना मुलीच्या टाक्यांसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी तातडीने रुग्णालयात पाठवलं. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवला. तो पुढे सात वर्षं त्याच घरात राहिला, फक्त त्याची झोपायची जागा मुलांच्या वाटेतून काढली.

गुंडूबद्दल मला खरंच काळजी वाटते. लोक पगच्या अशा झोपेचे फोटो हौसेने पाठवतात, आणि मला त्यात श्वासासाठी धडपडणारं जनावर दिसतं. पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या चिरेएवढ्या, आणि आतली मऊ टाळू मात्र पूर्ण लांबीची. झोपेत घसा सैल पडला, की ती टाळू श्वासनळीच्या तोंडावर येते आणि श्वास अडतो. हनुवटी उंचावर टेकली की मान सरळ राहून वाट मोकळी होते. तोंडात चेंडू असला की जबडा उघडा राहतो, म्हणून नाकाऐवजी तोंडाने श्वास घेता येतो. हा उपाय त्याने स्वतः शोधला आहे, त्यामुळे झोपल्यावर चेंडू काढून घेऊ नका. फक्त चेंडू असा मोठा असू द्या, की तो घशात जाणार नाही. बसल्या बसल्या पेंगणं म्हणजे आडवं पडल्यावर श्वास पुरत नाही, हे तर त्याहून गंभीर. डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते, ती तरुणपणी केली तर कुत्र्याचं आयुष्य पालटतं. तोवर वजन उतरवा, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हं उतरल्याशिवाय फिरायला नेऊ नका. घोरणं पगला असायचंच, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मनीची पहाट सोपी आहे. मांजर तिन्हीसांजेला आणि झुंजूमुंजू होताना शिकार करणारं जनावर. दिवसाचे १२ ते १६ तास झोपून ती ४ वाजता ताजीतवानी असते. रात्री साडेदहाला दोरीला पीस बांधून तिला पंधरा मिनिटं दमेपर्यंत खेळवा आणि लगेच शेवटचं जेवण द्या. पहाटे ओरडल्यावर उठून वाटी भरू नका, एकदा भरलीत की पुढचे पंधरा दिवस तुम्ही ४ वाजता उठणार. हेच ओरडणं दहा-बारा वर्षांच्या मांजरात नव्याने सुरू झालं असतं, तर मी थायरॉइड आणि रक्तदाब तपासायला सांगितलं असतं.

कुत्री आणि मांजरं अंगाला अंग लावून झोपतात अशा घरासाठी एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते. पावसाळ्यानंतर गोचिडं वाढतात, आणि लोक राणीसारख्या कुत्रीला औषध लावतात. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. कुत्रीच्या पाठीवर लावलेला थेंब मनीने तिच्या कुशीत झोपताना अंगाला घेतला आणि नंतर चाटला, की काही तासांत मांजर थरथरायला लागतं, मग फीट. शेतीच्या दुकानातून गुरांसाठी आणलेली बाटली "थोडंसंच लावलं" म्हणून वापरली जाते, तिनेही माझ्याकडची मांजरं दगावली आहेत. मांजर असलेल्या घरात कुत्र्याला गोचिडांसाठी पोटातून द्यायची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोचिडं मात्र काढलीच पाहिजेत, कारण गोचीडतापाचं पहिलं लक्षण बऱ्याचदा एवढंच असतं, की कुत्रं नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागतं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा जेवण सुटलं, तर रक्त तपासून घ्या.

आणि मांजरं झोपायला शिरतात अशा जागा: पुढून उघडणारं वॉशिंग मशीन, सामान ठेवायचा पलंग, रिक्लायनर खुर्ची, उभी गाडी. बंद करण्यापूर्वी किंवा चालू करण्यापूर्वी आत हात घालून बघा. गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारा.

आता राहिलं राणी आणि गुंडूसाठी आज रात्री करायचं काम. ती गाढ झोपली, की छातीकडे बघून ३० सेकंदांत किती वेळा वरखाली होते ते मोजा आणि दुप्पट करा. वर गेली आणि खाली आली हा एक श्वास. गाढ झोपेत मिनिटाला ३०च्या आत असायला हवा, कुत्र्याचा आणि मांजराचाही. स्वप्नात पाय मारत असताना, धापा टाकत असताना किंवा मांजर घुरघुरत असताना मोजलेलं धरू नका. तीन रात्री मोजून कॅलेंडरवर लिहा. दोन-तीनदा ३०च्या वर आलं, किंवा राणी कोपरं बाहेर काढून मान लांब करून बसून राहिली आणि आडवी पडेना, तर ते हृदयाचं किंवा छातीतल्या पाण्याचं लक्षण असू शकतं. तसं झालं तर सकाळची वाट न बघता निघा आणि तिला गाडीत झोपवायचा प्रयत्न करू नका. तिला जसं बसावंसं वाटेल तसं बसू द्या.